दोन ठिपके

माझ्यासमोर टेबलावर फोन झोपले होते आणि मी त्यांना उठवत होते. हात न लावता.

सांगलीतली दुपार. खाली हळदीचं गोदाम, वर आमचं ऑफिस. हमालांनी पोती हलवली की जिन्यातून पिवळी धूळ वर यायची आणि खिडकीतल्या उन्हात तरंगत राहायची. काचेवर हळद, की-बोर्डवर हळद, चहाच्या सायीवर हळद. जेवून त्या उन्हात बसलं की आपण जागे आहोत का नाही, हे सांगता यायचं नाही. मधूनच एखादा फोन थरथरायचा, टेबलावर जरासा सरकायचा आणि गप्प व्हायचा. झोपेत कूस बदलावी तसा.

"मुंडा उठला का गं?" पलीकडून मीनलनं विचारलं.

"मुंडा कसला उठतोय. मेलाय तो."

मीनल चौगुले ही कंपनीची अर्धी मालकीण. मी तिथं झाडलोट करायला लागले होते आणि पुढं फोन तपासायला बसले. कसं, ते सांगत बसत नाही. कुणी शिकवलं नाही, एवढं पुरे.

कंपनीनं निरोपांचं ॲप काढलं होतं. नाव 'हाळी'. लांबच्या माणसाला शिवारातून हाक मारतात, ती हाळी. नाव मी सुचवलेलं. जाहिरातीत मात्र पागोटं घातलेल्या कुणा भलत्याच म्हाताऱ्याचा फोटो होता. फोटोला आम्हा धनगरांतला कुणीही चालतो.

आता कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तुम्ही ॲप बंद करून फोन खिशात टाकता, तेव्हा फोन त्या ॲपला झोपवतो. चार्जिंग वाचावं म्हणून. मग निरोप आला की त्याला उठवायचं कुणी? तर आमचा सर्व्हर लांबून फोनला एक धक्का देतो. मीनल त्याला पुश म्हणायची, मी धक्काच म्हणायचे. फोन तो धक्का आत पोचवतो, ॲप डोळे चोळत उठतं, निरोप आत घेतं, घंटा वाजवतं आणि परत आडवं होतं. माणसाला फक्त घंटा ऐकू येते. मागं किती उठाठेव झाली, ते त्याला कळत नाही. निरोप निघाला की आमच्या पडद्यावर एक ठिपका. ॲप उठलं, निरोप फोनात पोचला, की दोन ठिपके. माणसानं उघडून वाचला किंवा ऐकला, की दोन्ही हिरवे.

स्वस्तातले फोन इथंच लबाडी करतात. चार्जिंग दिवसभर टिकतं अशी फुशारकी मारायची आणि त्यासाठी ॲपचा गळा दाबायचा. त्यातून माणसानं स्वतः पडद्यावरची सगळी ॲपं बोटानं झाडून टाकली, की काही फोनांत ती मरतातच. मेलेल्याला धक्का लागत नाही. मग लोक आम्हाला शिव्या घालायचे, की ॲप उघडल्यावर मग निरोप येतोय, बंद करा तुमचं दुकान.

कुठला फोन उठतो, कुठला नाही, हे बघणं माझं काम. टेबलावरच्या फोनांना मी आमच्या मेंढरांची नावं दिली होती. काळतोंडी, बांडी, लंगडी. आणि सगळ्यात निबर तो मुंडा. आमच्या कळपात बिनशिंगांचा एक नर होता, त्याच्यावरनं. एकदा झाडला की हा फोन कुठल्याच धक्क्याला उठायचा नाही.

आबाचा, माझ्या बापाचा, फोन हाच. ह्याच कंपनीचा, ह्याच रंगाचा.

तेवढ्यात माझा स्वतःचा फोन वाजला. आईचा. आई दुपारची कधी करत नसे.

"ठके, ऐकतीस का?"

"ऐकतीया. बोल."

"तुझा आबा मेंढरं घिऊन पाटलाच्या कोबीच्या फडात उतरायचाय. आन् त्या फडावर आज सकाळी औषध मारलंय."

मी उठून उभी राहिले. "कुणी सांगितलं तुला?"

"पाटलाची सून हिरीवर आलती. म्हणली, मावशी, तुमची मेंढरं कुटं बसायची? मी सांगितलं, तशी तिच्या हातातली घागरच सुटली. सासऱ्यानं काल आपल्याला बोलावलं, आन् नवऱ्यानं सकाळी फवारलं. एका घरात ऱ्हात्यात आन् एकमेकाला सांगत न्हाईत."

आमचं चालणं असं असतं. दिवाळीनंतर सगळा तळ, त्याला आम्ही वाडा म्हणतो, मुलखावर निघतो. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून सडकेनं पुढं जातात आणि नव्या जागी चुली मांडतात. गडी मेंढरं घेऊन डोंगराच्या कडेनं चारत येतात. सांज होईपर्यंत एकमेकांचं तोंड दिसत नाही. काढणी झालेल्या रानात मालक मेंढरं बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य. मधल्या दुपारी मेंढरं झाडाखाली माना घालून थांबतात. उन्हं कलली की खाली उतरतात.

म्हणजे उन्हं कलेपर्यंत वेळ होता. मी खिडकीतून बघितलं. ऊन अजून टेबलाच्या मध्यावर होतं.

"फोन लाव की त्याला."

"लागत न्हाई. ती बाई म्हणतीया, संपर्काच्या भाईर हाय. घळीत बसला असंल. सिदूनं त्या सगळे वापरत्यात त्या ॲपावर बोलून पाठवलं, त्ये बी एकाच खुणेवर अडकलंय." सिदू म्हणजे माझा भाऊ.

"झाडून ठेवलं असंल."

"मग? तुझा आबा जिथं बसंल तिथं आधी जागा झाडतो, मग फोन झाडतो. बाजारातल्या पोरानं सांगितलंय, झाडलं की चारजिंग ऱ्हातं. घोड्यावरच्या त्या उन्हाच्या काचंवर किती व्हतंय चारजिंग." आईला धाप लागली होती. "सिदू गाडी घिऊन गेलाय. पर वढ्यावरची फरशी वाहून गेलीया, लांबनं वळसा हाय. न्हाई पोचायचा."

"मग मी काय करू इथनं?"

"तुझं त्ये हाय न्हवं, हाळी का फिळी. त्यातनं सांग."

"आई, तो माझं ऐकतो का?"

तिच्या मागं घोडं फुरफुरलं.

"न्हाई ऐकत," ती म्हणाली. "पर सांग."

ऐकत नाही म्हणजे हट्टी आहे, असं नाही. ऐकत नाही म्हणजे शपथ आहे.

माझी सुपारी फुटायची होती, त्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं पंच बसले होते. मामाच्या पोराशी जमवलेलं. पोरगा वाईट नव्हता. पण त्याच्या डोळ्यांत मी आणि एक घोडी यात काही फरक दिसत नव्हता. मी उठले आणि सगळ्यांपुढं म्हणाले, मला ह्यो नको. आमच्यात बायका पंचांपुढं तोंड उघडत नाहीत. मी उघडलं, आणि वर जास्तीचं पण बोलले. माझा आवाज मोठा आहे. मेंढरं हाकून झालेला. डोंगराच्या पलीकडं जातो.

आबानं मूठभर भंडारा उचलला आणि देवाकडं तोंड करून म्हणाला, "हिचा सबूद परत ह्या कानात पडायचा न्हाई."

एवढंच. शिवी दिली नाही, हात उचलला नाही. मूठ उघडली तेव्हा त्याचा पंजा पिवळा झाला होता. मी त्याच पायी सडक धरली.

लोक म्हणतात, शब्दाचा पक्का माणूस. म्हणू दे. बापानं लेकीचा आवाज ऐकायचा नाही असं ठरवणं, यात पक्केपणा कसला? ते मेंढराचं आडमुठेपण आहे. मेंढरू एकदा मान खाली घालून चाललं की खड्डा आला तरी थांबत नाही. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

पण मीही त्याचीच. सिदूला बाजारात गाठलं, आबाचा फोन दुरुस्तीला म्हणून आणवला, त्यात हाळी टाकलं. आणि रोज सकाळी ऑफिसात आल्याबरोबर आबाला एक बोललेला निरोप धाडायचे. त्याला वाचता येत नाही. "आबा, मी ठकू. जेवलास का?" कधी नुसतं, "आबा, इथं धुकं पडलंय." कधी भांडण. दोन ठिपके यायचे. रोज. हिरवे एकदाही झाले नाहीत.

मी मीनलला सगळं सांगितलं. भरभर. ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी आली.

"त्यांचा फोन मुंडा आहे ना?"

"व्हय."

"आणि झाडतात?"

"दिवसातनं चारदा."

"मग उठणारच नाही, ठकू. तुलाच माहीत आहे. समोर बघ की." तिनं टेबलावरच्या मुंड्याकडं बोट केलं. तो काळा, थंड पडला होता. त्याच्या काचेवर हळदीचा थर.

"रोज सकाळी उठतो," मी म्हणाले. "दोन ठिपके येतात."

"मग झाडत नसतील."

"आई म्हणती झाडतो."

पण कोडं सोडवायला वेळ नव्हता. ऊन टेबलाच्या कडेकडं निघालं होतं.

मी आईला फोन लावला, तिला बोलायला लावलं, तिचा आवाज पकडला. "धनी, खालच्या फडात जाऊ नगा, इख मारलंय." तो आवाज आबाला धाडला. एक ठिपका. घळीत नेटवर्क वाऱ्यासारखं असतं. येतं, शेंडे हलवतं, जातं. बोलायला ते सलग लागतं, धक्क्याला एक झुळूक पुरते.

आम्ही दोघी पडद्यापुढं बसलो. खाली हमाल जेवून आडवे झाले होते, गोदामात कुणी तरी बारीक आवाजात शीळ घालत होतं. धूळ तरंगत होती. मला घळ दिसायला लागली. बाभळीची विरळ सावली, तिच्यात एकमेकांच्या पोटाखाली माना खुपसून उभी राहिलेली मेंढरं, त्यांचा एकत्र श्वास. आबा काठीला टेकून बसलेला. जागा झाडलेली. बंडीच्या खिशात, छातीशी, फोन. सगळं झोपलेलं. आणि इथून निघालेला माझा एक धक्का सर्व्हरच्या दारात ताटकळत उभा.

दुसरा ठिपका आला.

"उठला," मीनल हळूच म्हणाली. मोठ्यानं बोललं तर झोपेल अशी.

"उठून उपयोग काय. हिरवा होऊ दे."

हिरवा झाला नाही. आवाज आईचा होता, पण आला होता माझ्या नावानं. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि आबा उघडणार नव्हता. त्याच्या लेखी त्यात माझा सबूद होता.

"दुसऱ्या कुणाच्या नावानं पाठवू," मीनल म्हणाली. "माझ्या."

"तू कोण म्हणून तो उघडंल? त्याच्या हाळीत मी एकटीच आहे."

"मग?"

मी विचार करत नव्हते, असं वाटतं. त्या पिवळ्या उन्हात विचार असा येतच नव्हता. मला माझीच हाळी ऐकू येत होती. कळप चुकीच्या रानाकडं निघाला की आम्ही लांबून देतो ती, मागं फिरवायची. दोन लांब, एक आखूड, मग थांबायचं. शब्द नसतो त्यात. नुसता आवाज, तोही न बोलता, जिभेनं टाळ्याला मारून. मेंढरालाही कळते, गड्यालाही.

"मीनल, नुसती घंटा वाजवता येती का? आत काही नाही. रिकामा धक्का."

"येते. पण सारखे मारले तर फोन चिडतो. हे ॲप त्रास देतंय म्हणून त्याला कोंडून टाकतो. मग कायमचं गप्प. उद्या सकाळचा तुझा निरोपही जाणार नाही."

"उद्याचं उद्या."

"ठकू, त्यांना कळणार कसं?"

"धनगर आहे तो. कळंल."

मी मारायला लागले. लांब म्हणजे पाठोपाठ तीन धक्के, आखूड म्हणजे एकच. दोन लांब, एक आखूड, थांबायचं. दोन लांब, एक आखूड. बटणावर बोट आणि जीभ टाळ्याला. मीनल मला नंतर म्हणाली, तू तोंडानं पण करत होतीस, खालचा हमाल उठून वर बघायला लागला होता. पडद्यावर ठिपके पडत होते. एक, एक, एक. घळीत वारा नव्हता. मग मधेच झुळूक आली असावी, आणि मागं तुंबलेले सगळे एकदम पलटले. दोन दोन दोन दोन. गारा पडाव्यात तसे. लांब नाही, आखूड नाही. माझ्या हाळीचा पार चुरा होऊन ती आबाच्या खिशात पडली होती.

"सगळे एकदम गेले," मीनल म्हणाली.

मी बोट काढलं. ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं होतं.

त्यानंतर किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. आई दर थोड्या वेळानं फोन करायची आणि काही न बोलता धरून ठेवायची. मला तिकडचा चुलीचा जाळ ऐकू यायचा, तिला इकडचा पंखा. आमचं घर, शेत, पुढचं वर्ष, सगळं त्या कळपाच्या पायांवर उभं. एक फड, आणि ते सगळं संध्याकाळपर्यंत पोट फुगून आडवं. मी टेबलावरच्या फोनांकडं बघत होते. काळतोंडी, बांडी, लंगडी. झोपलेत का गेलेत, लांबून फरक कळत नाही.

शेवटी सिदूचा फोन आला. तो हसत होता की रडत होता, ते कळेना.

"तायडे, तू काय केलंस त्येला?"

"मेंढरं?"

"मेंढरं बरी हाईत. फडाला तोंड पण लावलं न्हाई. अगं, मी घळीत गेलो तर घळ मोकळी. काळजाचं पाणी झालं माझ्या. वर चढून बघतो तर म्हातारा कळप घिऊन सडकंनं चाललाय. उलटा. सगळी मेंढरं मागनं आन् ह्यो फुडं पळतोय. ट्रक थांबल्यात, होरन वाजवाय लागल्यात, ह्येला सूद न्हाई."

"कुठं चाललाय?"

"तुझ्याकडं."

मी खुर्ची मागं सारून उठले.

"मी आडवा झालो. म्हणलं, आबा, खालच्या फडात औषध मारलंय. त्येला त्याचं काय बी न्हाई. म्हणतो, मेंढरं तू घे, मला येष्टी गाठू दे. म्हणलं, का? तर म्हणतो, पोरगी वरडाय लागलीया. रोज सकाळी एकदा वाजती, म्हंजी बरी हाय. आज दुपारी वाजली, ती थांबंचना. काय तरी झालंय तिला."

गोदामातली शीळ थांबली होती.

"सिदू, त्याच्या फोनात हाळी मरत कसं नाही रे? सगळं झाडतो ना तो?"

"तुला ठावं न्हाई?" सिदू म्हणाला. "बाजारातल्या पोराकडनं कुलूप घालून घेतलंय की त्येला. बारकं कुलूप दिसतंय बघ त्यावर, त्ये असलं की झाडलं तरी मरत न्हाई. मी हुतो संगं. पोराला म्हणला, बाकीचं मेलं तरी चालंल, ह्ये एक जित्तं ऱ्हाऊ दे."

दिवेलागणीला मी सांगलीच्या स्टँडवर उभी होते. मीनल येते म्हणाली, मी नको म्हणाले. गाडीतून आबा उतरला. पागोटं सुटलेलं, पायांवर धूळ, हातात काठी. माणसांना मेंढरांसारखं काठीनं बाजूला करत आला. मला बघितलं. वरपासून खालपर्यंत, मेंढरू बाजारात बघतात तसं. हात, पाय, डोळे. मग त्यानं श्वास सोडला.

मी तोंड उघडलं. त्याचा हात वर आला.

"तू बोलू नगंस," तो म्हणाला. "मी बोलतो. ऐकायचं न्हाई म्हणलं हुतं म्या. बघायचं न्हाई, असं कुटं म्हणलं हुतं?"

आम्ही बाकावर बसलो. मला किती बोलायचं होतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. शिव्या होत्या, त्याही वर्षानुवर्षं घासून ठेवलेल्या. पंचांना द्यायच्या, देवाला द्यायच्या, त्याला तर द्यायच्याच. माझा एवढा मोठा आवाज, आणि मी तो घशात धरून बसले. देवासाठी नाही. देवाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. माझ्या एका शब्दानं तो उठून गेला असता म्हणून.

"सिदूनं सांगितलं सगळं," तो म्हणाला. "औषधाचं वाजवत हुतीस. मला वाटलं, तुलाच काय झालं." मग जरा हसला. "मेंढरं वाचली, ती माझ्या येडेपणानं."

गाड्या येत होत्या, जात होत्या. कुणी तरी शेंगा विकत होतं. त्यानं शेंगा घेतल्या, फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. त्याच्या पंजाच्या रेघांत मला पिवळं दिसलं. आमच्या ऑफिसचं होतं की माझ्याच डोळ्यांत होतं, कुणास ठाऊक.

"बरी हाईस?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं बघितलं. मान हलवता आली असती. पण मी पिशवीतून फोन काढला आणि त्याला एक रिकामा निरोप धाडला. भीत भीत. दुपारच्या गोंधळानंतर त्याच्या फोनानं हाळीला कोंडलं असेल, असं वाटत होतं.

त्याच्या बंडीच्या खिशात थरथरलं.

तो दचकला. खिशावर हात ठेवला. मग समजला, आणि फोन बाहेर काढून तळहातावर घेऊन बसला, अंड्यातून निघालेलं पिल्लू धरावं तसा.

"जेवतीस का येळंवर?"

मी धाडला. थरथरला.

"ती पोरगी, चौगुल्याची, बरी वागती?"

थरथरला.

"लगीन नगंच म्हंतीस?"

मी जोरात दाबलं. फोन थरथरला आणि तो मोठ्यानं हसला. शेजारची बाई वळून बघायला लागली. एक म्हातारा हातातल्या फोनाशी बोलतोय आणि शेजारी एक मुकी बाई बसलीय.

मग त्याची गाडी लागली. कंडक्टरनं घंटी मारली. आबा उठला, काठी घेतली, आणि माझ्याकडं न बघता, फोनाकडं बघत म्हणाला, "वाड्यावर येशील परत?"

बोट बटणावर होतं. मला घळ दिसली, बाभळीची सावली, मेंढरांचा एकत्र श्वास. पहाटेचं चुलीवरचं, धूर धरलेलं पाणी. आणि देवळापुढं खाली माना घालून बसलेल्या सगळ्या बायका दिसल्या.

मी दाबलं नाही.

त्यानं वाट बघितली. कंडक्टरनं दुसऱ्यांदा घंटी मारली, तरी बघितली. तळहातावरचा फोन गप्प होता. मग त्यानं मान डोलावली, पडदा उजळवला आणि अंगठ्यानं एकेक ॲप झाडायला लागला. गाडीच्या पायरीवर उभा राहून, शांतपणे, बसायची जागा झाडतो तसा. सगळं गेलं. एक राहिलं, त्याच्यावर बारकं कुलूप. ते त्यानं माझ्याकडं वळवून दाखवलं आणि फोन छातीशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आले, रात्रीची हळद पुसली, आणि सगळ्यांच्या आधी आबाला निरोप धाडला. त्यात मी एक शिवी दिली होती, चांगली ठसठशीत, वर्षानुवर्षं घासलेली.

दोन ठिपके आले.